खजुरीच्या अण्णांचं थँक यू

आळंदहून गुलबर्ग्याला जाणारी मोटार ड्रायव्हरचा चहा, पान आणि गप्पा आटोपल्यावर एकदाची हलली. निजामाच्या मुलखातली माझी ही पहिलीच फेरी. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि तुरीची शेतं. शेजारी खजुरीचे शेतकरी शिवराम अण्णा, त्यांची बायको आणि तिच्या मांडीवर बाळ. मी साताऱ्याचा इंग्रजीचा मास्तर आहे हे कळताच अण्णा सरसावून बसले.

"मास्तर, इंग्रजीत उपकार कसं मानायचं?"

बाळंतपणात मायलेकरं दोन्ही हातची जायची, ती दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी वाचवली होती. त्या बाई आज गुलबर्ग्याहून दुपारच्या आगगाडीने कायमच्या आपल्या देशी निघाल्या होत्या.

"तेनला आपली बोली येती की," अण्णा म्हणाले. "पन आपल्यात असलं कुठं तोंडानं बोलायलाव? तेंच्यात बोलत्यात."

मास्तरकी सुट्टीतही सुटत नाही. मी लगेच शिकवणी सुरू केली: मित्राला 'थँक्स', कोणालाही 'थँक यू', मोठ्या कामाला 'थँक यू व्हेरी मच', आणि फारच साहेबी थाट हवा तर 'मच ऑब्लाइज्ड'. अण्णांनी चारही घोकले.

तेवढ्यात टायर फुटला. लिंबाखाली बसून त्यांच्या शिदोरीतली कडक भाकरी (ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगांची चटणी खाल्ली. अण्णांनी मात्र घास घेतला नाही.

"गाडी हुकती काय वो मास्तर?"

मलाही घोर लागला होता. "न्हाई हुकत," मी उगीचच त्यांच्या बोलीत म्हणालो.

गुलबर्ग्याच्या स्टेशनात आम्ही धावतच शिरलो. गाडी उभी होती. डब्याच्या दारात बाई दिसताच अण्णांनी चारही प्रकार एका दमात म्हणून टाकले. त्यांच्या बायकोने बाळ पुढे केलं. बाईंनी ते छातीशी धरलं. शिट्टी झाली तेव्हा परत देताना त्यांचे डोळे भरले होते.

"थँक यू," बाई म्हणाल्या.

गाडी हलली. "आपल्याला कामून म्हनायल्यात?" बायकोने विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

सोलापूरच्या गाडीत बसल्यावर मला उत्तर सुचलं, आणि मी स्वतःवरच चिडलो. बाईंनी या मुलखात किती लेकरं जगवली असतील. निरोपाला फलाटावर हे एकच आलं होतं.