पिक्चरमधला डोंगा

भंडाऱ्याच्या बसस्टँडला लागून सत्यवतीबाई गजभियेंचा पेपरचा ठेला आहे. पेपर, कॅलेंडर, अंकलिपी, पाण्याच्या बाटल्या, सगळं मिळतं. पण खेड्यावरचे लोक तिथे येतात ते दुसऱ्याच कामाला. दवाखाना, ऑफिस, भांड्यांचं दुकान आटोपून दुपारी अडीचला ते ठेल्यापाशी उभे राहतात, पिशवी पुढे करतात आणि विचारतात, "बाई, थांबू का जाऊ?"

यात विचारण्यासारखं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण तीनचा खेळ सहाला सुटतो आणि मोहाडीकडच्या खेड्यांची शेवटची गाडी साडेपाचला जाते. पिक्चर पाहायचा म्हणजे गाडी सोडायची, आणि गाडी सोडायची म्हणजे कोणा सोयऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचा. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी करायचा, तो पिक्चर धड असायला नको? बाई "थांबा" म्हणाल्या की पिशवी ठेल्याखाली जाते. "जा" म्हणाल्या की पुन्हा खांद्यावर.

म्हणून दर शुक्रवारी ठेल्यावर कापड टाकून बाई बाराच्या खेळाला स्वतः जाऊन बसतात. त्यांना स्वतःला मारामारीचा मनस्वी कंटाळा. हवेत उडणारा हिरो दिसला की डोकं उठतं. पण ठेल्यावर आल्यावर त्या हे कधी लपवत नाहीत आणि कोणावर लादतही नाहीत. "मायं डोकं दुखलं, पण ते मायं डोकं. मारामारी झकास आहे, पोट्टे खुश होतील. थांबा." किंवा, "मले भल्ला आवडला, पण तुमी झोपसान. जा घरी." ऑटोवाला कैलाश एकदा म्हणाला, "बाई, मोबाईलवर साडेचार स्टार दिले हायत." बाई म्हणाल्या, "स्टार देणाऱ्याची साडेपाचची गाडी चुकते का रे?"

तर अशा या बाईंच्या हातून चूक झाली, आणि झाली तीही कशी!

त्या शुक्रवारी सगळीकडे गाजलेला पिक्चर लागला होता. ट्रक चालवणारा हिरो, पाच मारामाऱ्या, गावात मागे राहिलेली आई. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि टॉकीजमध्ये कूलरचा गार, ओला वारा. इंटरव्हलनंतर हिरो नदीकाठी ट्रक उभा करून आईची आठवण काढू लागला, आणि बाईंना एकदम सुख वाटलं. गोंगाट थांबला होता. पडद्यावरची नदी रुंद होत गेली. पाणी मातकट झालं, वरून झाडाच्या फांद्या वाहत आल्या, पलीकडच्या धानाच्या बांध्या धुक्यात गेल्या. आणि त्या पाण्यातून एक डोंगा संथपणे येऊ लागला. डोंग्यात पांढरं लुगडं नेसलेली एक बाई. तिने दोन्ही हातांनी पोरीचं दप्तर डोक्यावर धरलेलं, भिजू नये म्हणून. डोंगेवाला विचारत होता, "पुरात कायले आणलं पोरीले?" आणि ती म्हणत होती, "पेपर हाय तिचा. पूर काय, उद्याही येईन." पाण्याचा आवाज नव्हता, वल्ह्याचा नव्हता. डोंगा येतच होता, येतच होता, आणि काठ काही जवळ येत नव्हता.

बाई टॉकीजबाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला झाला होता. उन्हातसुद्धा त्यांना पायाखाली पाणी हलल्यासारखं वाटत होतं. त्या दिवसापासून ठेल्यावर एकच सांगणं: "मारामारी सोडा. डोंग्याच्या सीनसाठी थांबा. असा सीन मी जन्मात पायला नाही." आणि त्या तो सीन असा सांगायच्या की माणूस हातातले सुटे पैसे मोजायचं विसरायचा.

शनिवारी मनकर्णाबाई आल्या. मोहाडीपलीकडच्या खेड्यातल्या, पासष्टीच्या, धानाची शेती करणाऱ्या. डोळ्यांचे ड्रॉप घ्यायला महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी डोंग्याचं ऐकलं, गाडी सोडली, पिशवी ठेल्याखाली सारली. रात्री नणंदेकडे राहिल्या आणि सकाळी पिशवी घेऊन, ठेल्यावर गर्दी होती म्हणून काही न बोलता गावाला गेल्या.

रविवारी कैलाशने विचारलं, "बाई, तो डोंगा कोठी होता वो?"

"चहा प्यायले गेला असशीन."

"जाग्यावरून हाललो नाही, बाप्पा!"

सोमवारी आणखी दोघांनी तेच विचारलं. मंगळवारी बाई पुन्हा जाऊन बसल्या. झोप येऊ नये म्हणून तोंडात लवंग धरली. हिरोने नदीकाठी ट्रक लावला, आईची आठवण काढली, एक गाणं म्हटलं आणि मारामारी सुरू झाली. नदीत डोंगा नव्हता. साधी काडीसुद्धा वाहत नव्हती.

तेव्हा कुठे त्यांना कळलं की ते दप्तर कोणाचं होतं. कारध्याचा नदीवरचा जुना पूल पुराखाली गेला होता, त्यांचा सातवीचा पेपर होता, आणि बिड्या वळणारी त्यांची आई एक दिवसाची मजुरी बुडवून डोंग्यात बसली होती. आईला जाऊन अठरा वर्षं झाली. कूलरच्या वाऱ्यात डोळा लागला आणि बाईंनी तिला परक्याच्या पिक्चरमध्ये नेऊन बसवलं.

आता काय करायचं? शुक्रवारी पिक्चर उतरणारच होता. तोंड मिटून बसलं की झालं, दोन दिवसांचा तर प्रश्न. पंधरा वर्षं लोक ज्या शब्दावर गाडी सोडत आले, तो शब्द आपल्याच तोंडाने मोडायचा कशाला? बाईंनी डोंग्याचं बोलणं बंद केलं आणि कोणी विचारलं तर पाण्याच्या बाटल्या लावत बसल्या. लाज वाटत होती, पण बसल्या.

बुधवारी दुपारी अडीचला मनकर्णाबाई दत्त म्हणून उभ्या.

"ड्रॉप संपले काय वो, काकू?" बाईंनी विचारलं.

"नाही वं माय. पिक्चरले आली." त्यांनी पिशवी पुढे केली. "शनिवारी मायाच डोळा लागला दिसते. डोंगा कवा आला, कवा गेला, मले कळलंच नाही. तू तं खोटं सांगणारी नाहीस. आज डोळ्यात पाणी मारून बसतो."

बाईंनी पिशवी घेतली नाही. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, कैलाशही होता. गाडी समोरच लागत होती, दुपारची, मोहाडीची. एकदा "थांबा" म्हटलं असतं तर म्हातारी आनंदाने गेली असती आणि पुन्हा स्वतःलाच दोष देत परत आली असती.

"काकू, डोळा तुमचा नाही लागला. माया लागला. पिक्चरमध्ये डोंगा नाही."

"नाही कसा? तू तं दप्तर बी सांगतलं."

"ते दप्तर मायं होतं. डोंग्यातली माय मायी होती. मले सपन पडलं आन् मी सगळ्या भंडाऱ्याले पिक्चर म्हणून सांगत सुटली. तुमची गाडी चुकवली मी. आज जा घरी."

कैलाश चपलेकडे पाहू लागला. मनकर्णाबाईंनी पिशवी हळूहळू खांद्यावर घेतली. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बाईंना सोसलं असतं.

"हिरोकडं मी पायलंच नाही वं," त्या म्हणाल्या. "सगळे लोक उठून गेले, बत्त्या लागल्या, झाडूवाला आला, तरी मी बसूनच होती. आता येईन, मंग येईन म्हणून तुया मायची वाट पाहत होती."

आणि त्या गाडीकडे निघाल्या. सत्यवतीबाई भरल्या ठेल्यावर, गिऱ्हाइकांसमोर, तोंडाला पदरही न लावता ढसाढसा रडल्या.