आरशामागची पेटी

आमचे मामा शिंपी. माणूस तापट, पण हातात कात्री आली की शांत. वर्षभर त्यांचा सगळा राग फोनवर निघत होता. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजायचा. नवा फोन घेतला, तरी तेच रडगाणं.

एकदा पँट आखूड करून घ्यायला एक निवृत्त लाइनमन आले. मामांची चिडचिड ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "वायफायची पेटी कुठंय, मास्तर?"

"आरशामागे. इथं कापडाची लव उडते ना! जिवापाड जपलीय."

गिऱ्हाईक कपडे घालून बघतात, तो माणसाहून उंच आरसा. लाइनमन हसले. "आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो. तो उजेड परत फिरवतो, तशा वायफायच्या लहरीही. पेटी उंचावर, उघड्यावर ठेवा."

मामांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे माझी पोर रोज या हवेतून माझ्यापर्यंत येते?" त्यांनी चिमटीत हवा धरून बोटं हळूच चोळली, तलम कापडाचा पोत बघतात तशी.

पेटी लाकडी फळीवर गेली. संध्याकाळी कॉल आला आणि मुलगी लख्ख दिसली, अगदी पापण्यांसकट. मामा बघतच राहिले.

तीही बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमचे केस कधी पिकले?"