चिंच, विभूती आणि मामांचं घड्याळ

माझ्या सासऱ्यांचं स्विस घड्याळ मी चिंचेच्या कोळात बुडवून, वर विभूती लावून खसाखसा घासलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भोगीला, त्यांच्याच परसातल्या दगडावर बसून.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण गेल्या महिन्यात मामा गेले, तेव्हा समाचाराला आलेल्या माणसांनी माझा हात हातात घेतला, "मोठा माणूस गेला" म्हणाले, डोळे पुसले, आणि मग हळूच विचारलं, "ते चिंचवाले जावई तुम्हीच ना?" तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्ल्या लहान आहेत, पण त्यांची आठवण फार मोठी आहे.

बातमी आली तेव्हा मी पापनाशमला घरी दाढी करत होतो. फोन मामींचा, म्हणजे सासूबाईंचा. सासऱ्यांना मामा आणि सासूला मामी म्हणायची आमच्याकडची रीत. आवाज नेहमीसारखा खणखणीत. "जावईबापू, घाईनं बस धरू नका. बसमध्ये तुम्हाला उलटी होते. ट्रेननंच या. ते गेले." या क्रमानं. मी अर्ध्या दाढीनंच स्टेशनावर पोचलो. हे मला तंजावुरात उतरल्यावर पद्मानं, माझ्या बायकोनं, सांगितलं; ती आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मामांना शेवटचा नमस्कार मी एका गालावर फेस वाळलेल्या अवस्थेत केला. ते उठून बसले असते तर म्हणाले असते, "दुसरी बाजू पुढच्या खेपेला वाटतं?"

मामा मस्कतला पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनियर होते. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी दोन वेष्ट्यांपलीकडे, म्हणजे लुंगीवजा धोतरांपलीकडे, काही घेतलं असेल असं वाटत नाही. पण नोकरी सोडून गावी परतताना त्यांनी एक घड्याळ घेतलं. स्टीलचं, निळ्या तबकडीचं, मनगटाच्या हालचालीवर चालणारं. सेल नाही, चावी द्यायला नको. माणूस हलत राहिला की ते चालत राहतं. "म्हणून तर घेतलं," मामा म्हणायचे, "निवृत्त झाल्यावर मी अजून हलतोय की नाही, हे कोणीतरी सांगायला पाहिजे."

तर ती भोगी. पोंगलचा आदला दिवस, घरातलं सगळं पितळ आणि चांदी परसात आलेलं. समया, पंचपात्री, आमची काप्पी, म्हणजे कॉफी, प्यायचे डबरे. मामी आणि पद्मा चिंच-विभूती घेऊन बसलेल्या. चिंचेनं पितळ उजळतं, विभूतीनं, म्हणजे कपाळाच्या भस्मानं, चांदी चकाकते, हे आमच्या घराघरांतलं शास्त्र. नवा जावई मी, रिकामा बसून होतो. खिडकीत मामांचं घड्याळ दिसलं. मामा तेल लावून न्हायला गेलेले, मामी आणि पद्मा मधेच आत गेलेल्या. मला वाटलं, त्यांना चकित करावं.

केलं.

मामा केस पुसत बाहेर आले. मी घड्याळ वेष्टीच्या सोग्यानं पुसून अभिमानानं पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला. घड्याळ उलटं-सुलटं पाहिलं. मग नाकाशी नेलं.

"चिंच?"

"हो, मामा."

"मीठ घातलंत का?"

"नाही."

"घालायचं होतंत. रसम झालं असतं."

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. आत पद्मा रडायला आलेली आणि मामी पदर तोंडात कोंबून हसायला. चिंचेनं म्हणे फार बिघडलं नाही, पण विभूतीनं पट्ट्याच्या चकचकीत खिट्टीवर बारीक रेघांचं जाळं उठलं. चेन्नईच्या दुकानात पॉलिश करून ते गेलं असतं. मामांनी केलं नाही. "प्रत्येक पॉलिशबरोबर थोडं स्टील जातं," ते म्हणाले. मग खिट्टी उन्हाकडे धरून, "आणि या रेघा राहू देत. जावई घरात आला त्याची खूण आहे. कुणाकडे फोटो असतो, माझ्याकडे ओरखडे."

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझं शिक्षण सुरू झालं. शनिवारी मामांचं तेलाचं न्हाण, त्यानंतर काप्पी, आणि काप्पीनंतर घड्याळाचं न्हाण. दिवाणखान्यात, खिडकीपाशी, ठरलेल्या पाटावर. नळाखाली कधीच नाही, कारण "मोरीला भूक फार असते." एका परातीत जुना टॉवेल पसरायचा, म्हणजे घड्याळ हातातून निसटलं तरी मऊ जागी पडेल. आधी बाजूची चावी, काटे-तारीख लावायची ती, पूर्ण आत दाबून, फिरवून घट्ट बसली आहे ना ते पाहायचं. मगच पाण्याचं नाव काढायचं. वाटीत कोमट पाणी. गरम नाही, रबर सैल पडतं. तान्ह्या बाळाच्या साबणाचा एक थेंब. तान्ह्या बाळाचाच दात घासायचा ब्रश. मधलं यंत्राचं घर बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. ब्रश मारायचा तो पट्ट्याच्या कड्यांना, आतल्या बाजूनं, जिथं घाम आणि धूळ एकमेकांना भेटतात. मग साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुनःपुन्हा पुसून साबण पूर्ण काढायचा. "घाण दिसते तरी. राहिलेला साबण वाळेपर्यंत लपून बसतो, तोच जास्त वाईट." शेवटी शंभरदा धुतलेल्या वेष्टीच्या मऊ तुकड्यानं टिपायचं आणि सावलीत ठेवायचं. टूथपेस्ट नको, व्हिनेगर नको... इथं माझ्याकडे बघून थांबायचे. "बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे."

एकदा मी विचारलं, "मामा, वॉटरप्रूफ आहे ना? मग एवढी भीती कसली?"

"वॉटरप्रूफ हे लग्नातल्या वचनासारखं असतं. दिलं तेव्हा खरं असतं. पुढं रबर म्हातारं होतं, अधूनमधून जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं."

आतून मामी म्हणाल्या, "कुणाचं रबर म्हातारं झालं म्हणता?"

मामांनी काप्पीचा डबरा तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

शिकलो म्हणता? एका शनिवारी मी तारीख बदलायला चावी ओढली आणि आत दाबायला विसरून ओलं फडकं फिरवलं. दुपारपर्यंत काचेच्या आत धुकं उतरलं. मी घाबरलो, आणि घाबरलेला पापनाशमचा माणूस जे करील ते केलं. फोन भिजला की तांदळात ठेवतात, म्हणून घड्याळ मामींच्या तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि वर हात फिरवून सारखं केलं. मामींनी रात्रीच्या भातासाठी माप घातलं. ताटलीत तांदूळ निवडायला घेतले तेव्हा त्यातून टिक टिक ऐकू येऊ लागलं. मामी ओरडल्या नाहीत. ताटली तशीच उचलून मामांसमोर ठेवली. मामांनी बोटानं तांदूळ बाजूला सारले, घड्याळ उचललं, धुकं पाहिलं, पट्ट्याच्या कड्यांत अडकलेला कोंडा पाहिला.

"छान. ऊटीला न जाता ऊटी दाखवलीत. आणि वर जेवायचीही सोय केलीत."

घड्याळ चेन्नईला जाऊन काही आठवड्यांनी परत आलं. मला वाटलं, आता माझी सुटका. तर पुढच्याच शनिवारी फोन, "पाणी कोमट करून ठेवलंय. कुठं राहिलात?" माणूस आपलं सगळ्यात लाडकं घड्याळ, ते दोनदा जवळजवळ मारणाऱ्याच्याच हातात पुन्हा का देतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पण मी एक गोष्ट मनाशी धरली होती. एकदा, फक्त एकदा, मामांनी घड्याळ उजेडाकडे धरावं आणि म्हणावं, "बरं केलंत." मी शाळेत भूगोल शिकवतो, पोरांना शाबासकी वाटत फिरतो. स्वतःला मात्र या एका शाबासकीची हाव होती.

गेल्या वर्षी मामांचे हात थरथरू लागले. काप्पी बशीत सांडायची, ब्रश कड्यांवरून घसरायचा. एका शनिवारी त्यांनी ब्रश माझ्या हाती दिला आणि स्वतः खुर्चीत बसून पाहू लागले. तिथून सगळं मी करू लागलो. कसलं दडपण होतं म्हणून सांगू! परीक्षेत मागं पर्यवेक्षक उभा असतो ना, तसं. मी चावी दाबायचो, ते मान हलवायचे. मी पुसायचो, ते खिडकीबाहेर बघत, पण कान इकडे. धुऊन, टिपून मी घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवायचो. ते उजेडाकडे धरायचे. बोलायचे काही नाहीत.

शेवटच्या शनिवारी बोलले. त्यांना जरा कसर होती, शाल घेऊन बसले होते. मी घड्याळ चढवलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "हं."

मी तो "हं" घेऊन ट्रेनमध्ये बसलो. पापनाशम येईपर्यंत तो तोंडात घोळवला. घरी येऊन पद्माला विचारलं, "हं म्हणजे काय असेल?"

"हं म्हणजे हं."

"पण कसा हं? वर जाणारा की खाली येणारा? हा असा होता बघ..."

"अहो, जेवा."

मंगळवारी मामा गेले. घड्याळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि गुरुवारी कुणीतरी पाहिलं तर ते थांबलेलं. मनगट नाही, हालचाल नाही. त्यात गूढ काही नाही, तसंच ते बनवलेलं आहे. तरी सगळं घर त्याच्याभोवती उभं राहिलं, कुणी हात लावेना.

मामांचं दिवसकार्य झालं. गेल्या शनिवारी मामींनी आम्हाला बोलावलं. माझी मुलगी मैथिली नोकरीसाठी कोइंबतूरला निघाली आहे. घड्याळ तिनं घालायचं असं मामांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. "धुवा आणि द्या तिला," मामी म्हणाल्या. तीच परात, तोच टॉवेल, तीच वाटी. पाणी मामींनीच कोमट करून आणलं होतं.

मी घड्याळ उचललं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, खिट्टीजवळच्या कड्यांत, बारीक पांढरी रेघ दिसली. माझा हात थांबला. मामा न्हाऊन आल्यावर दोन्ही मनगटांना चंदन लावायचे. रोज. ते चंदन! घरात मामांचं एवढंच तर उरलं होतं, आणि तेही मी माझ्या हातानं वाटीतल्या पाण्यात सोडायचं?

मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, "मी हे धुणार नाही." आणि मग मला बोलणं सुचत गेलं. म्हणालो, स्वच्छता म्हणजे काय सगळं पुसून टाकणं? त्या कड्यांत मामांचं रोजचं न्हाण आहे, त्यांची सकाळ आहे. मैथिली, तू हे असंच घाल. कोइंबतूरला तुझ्या मनगटावर अज्जांचं चंदन असू दे... पद्मानं डोळ्यांना पदर लावला. मैथिलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ही गोष्ट ती दहावीनंतर प्रथमच करत होती.

मामींनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं. खिडकीकडे धरलं, अगदी मामा धरायचे तसंच. नखानं ती रेघ खरवडली. ओलं बोट तिच्यावर घासलं. बोटावर फेस आला.

"कसलं चंदन! साबण आहे हा. तुमचा."

मामींनी बोटावरचा फेस पदराला पुसला.

"दर शनिवारी तुमची ट्रेन सुटली की ते परत धुवायला बसायचे. हात धड चालायचे नाहीत, म्हणून मी घड्याळ धरायची आणि ते पुसायचे. म्हणायचे, त्यांना सांगू नकोस, येणं बंद करतील. त्या शनिवारी अंगात ताप होता. म्हणाले, असू दे, पुढच्या शनिवारी धुऊ."

मैथिलीचा खांद्यावरचा हात हसण्यानं गदगदू लागला. पद्मा रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मला वर जाणारा आणि खाली येणारा, दोन्ही "हं" एकदमच कळले.

मामींनी घड्याळ परातीतल्या टॉवेलवर ठेवलं आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

"बसा. आणि या वेळी नीट धुवा. आता तुमच्यामागून धुवायला कुणी नाही."