धनुर्वाताच्या आवाजात

डॉक्टरांच्या एका प्रशिक्षणात मला आई व्हायला बोलावलं होतं. खोटी आई, सरावापुरती. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला कोणत्या लशी द्यायच्या, ते समोरच्या तरुण डॉक्टरांनी मला सांगायचं होतं. धनुर्वाताची लस त्यांनी खणखणीत आवाजात सांगितली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस आली आणि ते पुढे वाकून कुजबुजायला लागले.

शिकवणाऱ्या बाई मागून म्हणाल्या, "आवाज का उतरला, डॉक्टर?"

"विषय नाजूक आहे ना, मॅडम."

"लसच आहे ती. धनुर्वाताच्या आवाजात सांगा."

कुजबुज ऐकली की आई आधी घाबरते, मग 'घरी विचारून सांगते' म्हणून उठते. मीही उठले असते. आमच्या आत्यानं हाच आजार कितीतरी महिने अंगावर काढला. ती गेल्यावरही घरात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

डॉक्टर सरळ बसले. "दोन्ही लशी आजच देऊ," ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशी दारातच थांबल्या. "माझी मुलगी सातवीत आहे. तिला देता येईल का?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मावशींकडे वळवली.