टॅपेट कव्हरचं पॅकिंग

गाडीच्या इंजिनावर पत्र्याचं एक झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कडेने खाली रबराची पट्टी बसवतात, तिला सगळे मेकॅनिक पॅकिंग म्हणतात. इंजिनातलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून ती असते. हे सगळं मला कळायची काही एक गरज नव्हती. मी उरणच्या बाजूला एका कंटेनर गोदामात कागदपत्रं बघते. गाडीत बसते, चावी फिरवते, संपलं. पण त्या करंगळीएवढ्या जाडीच्या रबराने दोन महिने माझ्या नाकी नऊ आणले.

सुरुवात साधीच होती. गाडी बारा वर्षांची, जुनं पॅकिंग कडक होऊन गळायला लागलं. मी म्हटलं, कळंबोलीला गॅरेज आहे, सकाळी टाकते, संध्याकाळी आणते. तर अप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांनाच कुठेतरी टाकून यायची भाषा करतेय. अप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं सातारच्या बाजूला एसटीच्या वर्कशॉपला होते. आई गेल्यापासून उलव्यात माझ्याकडे असतात. घरात आम्ही दोघंच.

"घरात मिस्त्री असताना गाडी गॅरेजला? लोक तोंडात शेण घालतील," ते म्हणाले.

"इथे कोण लोक, अप्पा? शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेही मला माहीत नाही."

"मला हाय की म्हाईत," म्हणाले आणि पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढली.

रविवारी सकाळी त्यांनी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली, पाने ओळीने मांडले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. दिवसभर टीव्हीसमोर वाकून बसणारा माणूस एकदम ताठ झाला होता. मला शिकवत होते, बोल्ट कडेपासून आवळायचे नाहीत, मधून सुरुवात करायची, मग तिरपं, थोडं थोडं, म्हणजे सगळीकडे सारखा दाब येतो. मी विचारलं, किती आवळायचं ते कसं कळणार? तर म्हणाले, बोटांना कळतं, पत्राच सांगतो बास म्हणून. चार दिवसांनी फरशीवर ऑइलचे काळे थेंब पडले होते.

"माल डुप्लिकेट हाय," अप्पा म्हणाले. मग कळंबोलीला जाऊन चांगल्या दुकानातून दुसरं पॅकिंग आणलं. पुन्हा रविवार, पुन्हा चादर. पुढच्या शुक्रवारी ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन थापलं, श्राद्धाच्या खिरीला तूप घालावं तसं सढळ हाताने. ते आठ दिवस टिकलं.

त्यात आमची सोसायटी! पार्किंगला नुकत्याच नव्या फरश्या बसवलेल्या. सेक्रेटरींनी डागाचा फोटो काढला, त्यावर लाल गोल काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'संबंधितांनी कृपया दखल घ्यावी.' संबंधितांनी म्हणे! माझ्या गाडीचा नंबर फोटोत स्वच्छ दिसत होता. खाली अकरा जणांनी अंगठे दिले. त्यातले चार जण आयुष्यात कधी माझ्याशी बोललेले नाहीत. मी रोज ऑफिसातून येऊन गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे, सकाळी उचलायचे, आणि लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मोबाइलमध्ये डोकं घालायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण गॅरेजचं नाव काढलं की अप्पा जेवणावरून उठायचे. लहान पोरासारखं! मीही मग हट्टाला पेटून गप्प बसायचे. आमच्या घराण्यात हट्टाची काही कमी नाही.

चौथ्या वेळी मी टॉर्च धरून उभी होते. अप्पांच्या हातातून बोल्ट निसटला आणि खाली इंजिनात कुठेतरी गेला. अर्धा तास शोधला. सापडला, लावायला घेतला, तर परत पडला.

"लक्ष कुठंय तुमचं?" मी ओरडले.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," ते म्हणाले. मला ते पटलं. न पटायला मी बघतच कुठे होते? माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

त्यानंतरच्या बुधवारी गव्हाण फाट्याजवळ मी दोन ट्रेलरच्या मध्ये अडकले होते. आधी जळका वास आला. मग बॉनेटच्या फटीतून धूर. ऑइल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत होतं. मागचा ट्रेलरवाला हॉर्न वाजवतोय, पुढचा हलत नाही, आणि मी पर्स छातीशी धरून दरवाजा उघडू की नको करत बसलेली. आग लागली नाही. कुणीतरी हातवारे करून गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं, थंड झाल्यावर मी तशीच घरी परत आले.

अप्पा दारातच उभे होते. "इतक्या लवकर कशी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझा तोल गेला. मी नको ते बोलले. म्हटलं, "मी जळून मेले असते आज! तुमच्याच्याने होत नाही तर होत नाही म्हणा ना! हातात काही राहिलं नाही तुमच्या, नुसती मिस्त्रीगिरीची मिजास!" ते वळले. आत जाऊन पलंगावर बसले. मला वाटलं होतं, उलटं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना न विचारता मी गाडी हळूहळू कळंबोलीच्या गॅरेजला नेली. मेकॅनिक साठीच्या आसपासचा होता. त्याने झाकणाकडे बघितलं आणि हसलाच.

"ताई, कोणत्या येड्याने बसवलंय हे? हे दोन बोल्ट एवढे आवळलेत की पत्रा वाकलाय. आणि हा बघा." त्याने नुसत्या दोन बोटांनी तिसरा बोल्ट फिरवून दाखवला. "पॅकिंग काय करणार बिचारं? असल्या माणसाच्या हातात पाना देऊच नये."

आदल्याच दिवशी मी जवळजवळ हेच बोलले होते. पण परक्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "तोंड सांभाळून बोला!" मी म्हटलं. "तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपला होता तो माणूस. तुमच्यासारखे छप्पन्न तयार केलेत त्याने."

त्याने पाना खाली ठेवला. कापडाला हात पुसले.

"वडील काय?"

मी मान हलवली.

"शुगर आहे?"

"वीस वर्षांपासून."

"आमच्या उस्तादचं असंच झालेलं," तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "बोटं बधिर होतात. कुठे जोर जास्त पडतोय, कुठे कमी, कायच कळत नाय. त्यांना सांगू नका हां मी येडा बोललो ते."

तो काम करत होता आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. गेले कित्येक महिने अप्पा बटणांचे शर्ट घालत नव्हते. मीच कौतुकाने त्यांना आणखी चार टी-शर्ट आणून दिले होते, म्हटलं, मुंबईची हवा लागली. दिवाळीच्या आधी त्यांच्या अंगठ्याला मोठा फोड होता. चहाचं पातेलं लागलं असणार. तो फोड मी त्यांना दाखवला होता, त्यांनी मला नाही! तेव्हाही मी 'बघत जा जरा' म्हणून खेकसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूसुद्धा येईना. आणि तरी राग होताच. अरे, सांगायचं ना! जीव माझा टांगणीला, मी त्या ट्रेलरच्या मधून रोज जायचे.

घरी येऊन मी सरळ विचारलं. "अप्पा, बोटांना कळत नाही का तुमच्या?"

"मला काय धाड भरलीय?" ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "पॅकिंग हलकं निघालं." मग जरा वेळाने, "गॅरेजला टाकलीस?"

"टाकली."

"आता गळत न्हाई?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शुगरच्या नेहमीच्या तपासणीला जायचंय असं खोटं सांगून मी त्यांना सीवूड्सला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांना मी आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी एक बारीक नायलॉनची तार काढली आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी बोटाला ही तार लावणार. लागल्याचं कळलं की हो म्हणायचं."

अप्पांनी दोन्ही तळवे टेबलावर उलगडून ठेवले. डोळे घट्ट मिटले. पाठ ताठ केली. डॉक्टरांनी अंगठ्याला तार टेकवली. अप्पा गप्प. तर्जनीला टेकवली, ती पार वाकली. अप्पा गप्प. तिसऱ्या बोटालाही तेच. एव्हाना काहीतरी व्हायला हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "हो."

डॉक्टरांचा हात तेव्हा हवेत होता.

त्यांनी तार तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. अप्पांनी मनातल्या मनात दोन-तीन आकडे मोजल्यासारखं केलं. "हो," ते पुन्हा म्हणाले. मग थोडं थांबून परत, "हो." कुणीच त्यांना हात लावत नव्हतं. ते मात्र अंदाजाने, सारखं अंतर राखून, मिस्त्रीच्या ऐटीत हो म्हणत चालले होते. दहा झाल्यावर थांबले.

"सगळी बरोबर आली का गं?" डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.