सुटलेले धडे

सोमवारी माझा सहकारी वारला. मंगळवारी त्याचे तास माझ्या वेळापत्रकात आले.

दिग्रसच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आम्ही दोघेच होतो. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून वेचणीला घरच्या मुलीच जात. महिनाभर वर्ग अर्धा रिकामा असे. कुणाचा कोणता धडा सुटला, हे तो एका वहीत लिहून ठेवी आणि मुली परतल्या की शनिवारी दुपारी तेवढंच पुन्हा शिकवी.

"तोच धडा दोनदा? विसरलास की काय?" मी त्याला चिडवायचो.

"हासून कायले राह्यला? ये, फळा पूस," तो म्हणायचा.

त्याची जागा भरली गेली नाही. वही मी चालू ठेवली, पण आता शनिवारची दुपारही माझ्या तासांनी भरलेली होती.

वेचणी संपल्यावर एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. "सर, माहे चार धडे सुटले. कवा शिकवसान?"

"गाईडमधून वाच, बाई."

"गाईड तं त्या सरायच्या वेळीबी होतं, सर."

ती रागावली नव्हती. तेवढ्यात घंटा झाली आणि मी पुढच्या वर्गावर गेलो. ती अर्थशास्त्रात नापास झाली. पुन्हा कॉलेजात दिसली नाही.

मी आता निवृत्त आहे. वही माझ्याकडे आहे. तिच्या नावापुढे चार धडे लिहिलेले आहेत, माझ्या अक्षरात.