उकंडा मुनेश्वरच्या नऊ रेकॉर्डी

उकंडा हे नाव बदलून घे, असं त्याला शाळेतल्या मास्तरनं सांगितलं, एसटी डेपोतल्या कारकुनानं सांगितलं आणि लग्न ठरताना सासऱ्यानंही सांगून पाहिलं. त्याच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचललं आणि नावही तेच दिलं. मरणालासुद्धा हे पोर घ्यावंसं वाटू नये! उकंडानं तिघांनाही एकच उत्तर दिलं, "मायनं जगावं म्हनून ठेवलं. मी जगलो. आता नाव कायले बदलू?"

आज तो एकाहत्तर वर्षांचा आहे. बोरी अरबला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं टिनाचं घर. दारव्ह्याच्या डेपोत बत्तीस वर्षं फिटर होता, त्यामुळे नखांच्या कडांना बसलेला ग्रीसचा काळा रंग अजून गेलेला नाही. पण गावात त्याची ओळख फिटर म्हणून नाही. 'थो फिरंगी गाणेवाला उकंडा' म्हणूनच लोक त्याला ओळखतात.

त्याचा बाप डोमाजी डफडं वाजवायचा. वाजवायचा म्हणजे वाजवावंच लागायचं. गावात लग्न असो की मयत, निरोप आला की डोमाजी डफडं गळ्यात अडकवून पुढं. उन्हात, पावसात, उभ्यानं, आणि वाजवून झालं की दारापासून दूर बसून मिळेल ते खायचं. छप्पन्न साली तो नागपूरला जाऊन आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं डफडं अडाण नदीच्या धारेत सोडलं आणि बायकोला म्हणाला, "आता या घरातून कोनाच्या दारात वाजत जानार नाई." उकंडा तेव्हा दोन वर्षांचा. पण ही गोष्ट त्यानं इतक्यांदा ऐकली होती, की ते डफडं वाहून जाताना आपण काठावर उभे होतो, असंच त्याला वाटायचं.

एकोणिसाव्या वर्षी तो एका मिशन दवाखान्यात कामाला लागला. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म औषधात बुडवायची आणि वाळत घालायची, एवढंच काम. दवाखान्यात नवं मशीन बसवायला अमेरिकेहून वॉल्टर साहेब आला होता. अमेरिकेचा साहेब म्हणून सगळे गोऱ्या माणसाची वाट पाहत होते आणि जीपमधून उतरला तो उकंडापेक्षाही काळा, सहा फुटी माणूस. दवाखान्यात कुजबुज झाली. वॉल्टर साहेबानं ती ऐकलीही असेल. तो पहिल्याच दिवशी उकंडाच्या डब्यातली ज्वारीची भाकर मोडून खाऊ लागला.

रविवारी दुपारी तो आपल्या खोलीत रेकॉर्ड लावायचा. उकंडा प्रथम दाराशी उभा राहून ऐकायचा. साहेबानं खुर्ची ओढून दिली तेव्हा बसला. तसं वाजणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. देवळातल्या पेटीला हत्तीची छाती लाभावी तसा कुठल्याशा मोठ्या बाजाचा आवाज, खाली चालत्या रेल्वेसारखा ढोल, आणि या सगळ्यांवर सॅक्सोफोन. तो रडत होता की भांडत होता, उकंडाला कळेना. मात्र तो कोणाकडे काही मागत नव्हता, एवढं नक्की.

रेकॉर्डच्या पाकिटावर वाजवणाऱ्याचा फोटो होता. उकंडानं विचारलं, "ये कौन है, साहेब?"

साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरे जैसे लोग. मेरे दादा का बाप बाजार में बिका था, बैल के माफिक. ये सब उन्हीं के पोते हैं."

उकंडा त्या रविवारी जेवला नाही.

दोन वर्षांनी साहेब परत गेला. जाताना रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि नऊ रेकॉर्डी त्यानं उकंडाच्या हवाली केल्या. उकंडानं त्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून बोरीला आणल्या. त्याच वर्षी धनसिंग बँडमास्तरचा बँड मोडला. त्याच्याकडचा जुना सॅक्सोफोन उकंडानं घेतला, आणि घरात वादळ उठलं.

"मी हातातून टाकलं ते तू तोंडात घालतं?" डोमाजी ओरडला.

उकंडानं एक पाकीट बापासमोर धरलं. काळं-पिवळं पाकीट. सूट घातलेला काळा माणूस, पायावर पाय टाकून खुर्चीवर बसलेला, मांडीवर सॅक्सोफोन, नजर थेट पाहणाऱ्यावर.

डोमाजीनं ते उजेडात नेलं. "हा हासत काहून नाई?"

"त्याले हासाची गरज नाई, बाबा."

"कोनाच्या दारात वाजवते?"

"कोनाच्याच नाई. लोक तिकीट काढून याच्यासमोर येऊन बसतात. थो बी खुर्चीवर, लोक बी खुर्चीवर."

डोमाजीनं पाकीट परत दिलं. "असं वाजवत असशीन त वाजव. ज्या दिवशी उभ्यानं कोनाच्या वरातीपुढं वाजवशीन, त्या दिवशी माह्या घरात येऊ नको."

उकंडा रोज त्या रेकॉर्डींबरोबर वाजवून शिकला. नियम त्यानं मोडला नाही. गावातल्या एका बड्या घरच्या लग्नात त्याला बोलावणं आलं तेव्हा त्यानं निरोप धाडला, "मांडवात खुर्ची टाका, पाहुने बसवा, येतो. वरातीपुढं नाई." त्या घराला हे फार लागलं. त्यांच्या वावरातून जाणारी त्याची पायवाट बंद झाली. दोन वर्षं उकंडा लांबच्या रस्त्यानं सायकल मारत डेपोत गेला, पण निरोप बदलला नाही. त्यानंतर कोणी बोलावलंही नाही. तो घरातच वाजवायचा, दार लावून. घरावर तेव्हा टिनं नव्हती, कौलं होती; एकदा पावसाळ्यात त्यातलं एक कवेलू निसटून थेट फिरत्या रेकॉर्डवर पडलं. नेमकी काळ्या-पिवळ्या पाकिटातली. तेव्हापासून तिच्यातल्या तिसऱ्या गाण्यात सुई अडकते आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. दोन वर्षांपूर्वी दमा वाढला, डॉक्टरनं फुंकायची मनाई केली, आणि बायकोनं, कौसल्याबाईनं, सॅक्सोफोनची पेटी माळ्यावर टाकली.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून रजत नावाचा तरुण गाडी घेऊन आला. गावातल्या कोणीतरी मोबाईलवर टाकलेल्या चित्रात त्याला उकंडाच्या भिंतीवरची पाकिटं दिसली होती. त्यानं आधी हात धुतले, मग पांढरे हातमोजे घातले आणि एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली.

"काका, याला सोल जॅझ म्हणतात. माहीत होतं तुम्हाला?"

"आमी वॉल्टर साहेबाचे गाने म्हनतो."

"या नऊपैकी सहा सीडीवर कधी आल्याच नाहीत. आणि ही काळी-पिवळी... ही तर मोबाईलवर शोधूनसुद्धा सापडत नाही. कंपनी बुडाली, मूळ टेपा कुठे गेल्या कोणालाच ठाऊक नाही."

"म्हंजे दुकानात नाई भेटत?"

"जगातल्या कुठल्याच दुकानात नाही."

उकंडाची छाती क्षणभर फुगली. मग पाकिटावरच्या माणसाकडं त्याचं लक्ष गेलं. "मंग लोक आयकतात कसे?"

"ऐकत नाहीत," रजत म्हणाला. काळ्या-पिवळ्या रेकॉर्डवरचा ओरखडा पाहून तो हळहळला, तरीही ती हवीच म्हणाला. सगळ्या द्या, तुम्ही म्हणाल ते देतो.

"तुमी नेल्यावर लोकायले आयकवान?"

पोरगा खोटारडा नव्हता. तो म्हणाला, "खरं सांगू? तसं कोणी करत नाही, काका. सगळ्यांना मिळाली की तिची किंमत जाते. पण मी नीट ठेवीन. एसीत."

"कपाटात."

"हो. पण नीट."

उकंडानं रेकॉर्डी त्याच्या हातातून घेतल्या आणि एकेक करून पाकिटात घातल्या. "माह्या बापाच्या लहानपनी या गावात एक विहीर होती," तो म्हणाला. "पानी लय गोड होतं म्हनतात. त्याले कधी कळलंच नाई." रजत खाली पाहू लागला. उकंडानं आत हाक मारली, "कौसल्या, चहा ठेव पाहुन्याले." आणि रजतला म्हणाला, "चहा घ्या. रेकॉर्डी नाई भेटत."

निघताना रजत गाडीच्या दाराशी थांबला. "राग मानू नका, काका. पण तुमच्यानंतर हे कोण ऐकणार आहे?"

गाडी गेल्यावर उकंडा तावातावानं बोलत राहिला. कपाटात ठेवते म्हने! एसीत ठेवते! कौसल्याबाई कपबश्या उचलत होती. ती म्हणाली, "तुमी तरी कोनाले आयकवले? पन्नास वर्षं झाले, दार लावून बसता. त्याचं कपाट पुन्याले, तुमचं बोरीत."

असं तोंडावर उकंडाला डेपोतल्या साहेबांनीही कधी सुनावलं नव्हतं. दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उठून जीवनच्या दुकानात गेला.

जीवनचं मोबाईलचं दुकान, आणि जयंती समितीचा तो अध्यक्ष. विहाराचा हॉल त्याच्या होकाराशिवाय उघडत नसे. उकंडानं रविवारी दुपारी दोन तास मागितले.

"काकाजी, त्या गान्यात बोलच नाईत," जीवन म्हणाला. "कोन बसन? अन् विहारात फिरंगी वाजवलं म्हनून मलेच लोक बोलतीन."

"तुले गाने पायजेत की बोल?"

"मले कटकट नाई पायजे."

"ठीक हाये," उकंडा म्हणाला. "मंग माह्या आंगनात."

मांडववाल्याकडून त्यानं वीस खुर्च्या आणल्या. विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'रविवार, चार वाजता. जगात कुठंच न मिळणारी गाणी. बसायला खुर्ची.' पहिल्या रविवारी सहा जण आले, त्यातले दोघे चहा पिऊन उठले. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी बरोबर चार वाजता जीवनच्या समितीतल्या पोरांनी विहारासमोर डीजेचे डबे रचून आवाज तपासायला सुरुवात केली. टिनं थडथडू लागली. आलेले पाच जण उकंडाकडं पाहू लागले. "बसा," तो म्हणाला आणि स्वतःही बसला. दीड तास तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पोरं दोनदा येऊन डोकावून गेली. म्हातारा भांडत नाही, ओरडत नाही, उठतही नाही, हे पाहून त्यांची मजा गेली. डीजे बंद झाला तसा उकंडानं सुईवरची धूळ फुंकली आणि पहिली रेकॉर्ड लावली.

ही गोष्ट गावभर झाली. पाचव्या रविवारी वीसपैकी एकोणीस खुर्च्या भरल्या, काही बाया ओट्यावर टेकल्या, आणि जीवन फाटकाशी उभा राहिला, आत न येता. ओट्यावरून शेजारची तानाबाई म्हणाली, "बस ना बाप्पा, खुर्ची काई चावत नाई!" पण तो उभाच.

त्या दिवशी उकंडानं काळी-पिवळी लावली. दोन गाणी झाली. तिसऱ्यात सॅक्सोफोन चढत चढत गेला आणि सुई अडकली. तेच तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर. कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

उकंडानं सुई उचलली. आत गेला. कौसल्याबाई मागोमाग गेली. "माळ्यावर चढू नका, दम लागन," ती म्हणाली. तो चढलाच. पेटी घेऊन बाहेर आला, खुर्चीवर टेकला, वाद्याच्या तोंडावरची पत्ती जिभेनं ओली केली आणि अडकलेल्या जागेच्या पुढचं, रेकॉर्डमधून गेलेलं, वाजवू लागला.

ते चांगलं वाजलं नाही. पहिलाच सूर फाटला. बोटं आखडली होती. मध्येच श्वास संपला आणि तो थांबला, छाती धरून, डोळे मिटून. कोणी हललं नाही. त्यानं दम घेतला आणि सोडलं होतं तिथूनच पुढं धरलं. शेवटचा सूर त्यानं इतका लांबवला, की कौसल्याबाई दोन पावलं पुढं आली. मग त्यानं वाद्य मांडीवर ठेवलं, सुई ओरखड्याच्या पलीकडं टेकवली, आणि रेकॉर्ड पुढं चालू लागली.

जीवन आत येऊन बसला होता. केव्हा, ते कोणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. "काकाजी, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तुमाले ट्रकावर उभं करतो. माइक लावतो. पुरं गाव आयकन!"

"ट्रकावर नाई. उभ्यानं नाई. शाळेच्या मैदानावर खुर्च्या टाकत असशीन त बोल."

जीवन चिडला, निघून गेला, आठ दिवसांनी परत आला. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर शंभर खुर्च्या पडल्या. साठेक भरल्या. जीवन अर्ध्यात फोनवर बोलत उठून गेला आणि शेवटच्या गाण्याला परतला. उकंडानं दोन गाणी स्वतः वाजवली, हसला नाही, कोणाला नमस्कारही केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरची बोलणी मुकाट ऐकून घेतली. मैदानावर काळी-पिवळी लागली तेव्हा पोरांनी फोन वर धरून सगळं टिपलं. कोणीतरी विचारलं, मोबाईलवर टाकलं त चालते काय काकाजी? तो म्हणाला, "चालते. जितके घेता तितके घ्या."

आठवड्याभरात पुण्याहून रजतचा फोन आला. तो कळवळून बोलत होता. "काका, अहो, ती काळी-पिवळी लोक मोबाईलवर ऐकतायत! तुम्ही हे काय केलंत? तिची किंमत गेली आता."

"गेली काय?" उकंडा म्हणाला. "बरं झालं. आता निवांत ये. रविवारी चार वाजता. बोरीच्या स्टँडवर उतर अन् कोनालेबी विचार."